एकाच कॅमेऱ्याबद्दल फोटोग्राफर उलटसुलट का बोलतात?

मे महिन्यातलं लग्न. जळगावजवळच्या एका मंगल कार्यालयात हळद आटोपली होती आणि मी बॅटरी बदलत बसलो होतो. नवरीचे मामा शेजारी येऊन बसले आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, तुमना कॅमेरा कितला मेगापिक्सलना शे?" मी म्हटलं, २४चा. त्यांनी खिशातून फोन काढला. "मना फोन तं दोनशेना शे!"

प्रश्न रास्त होता. लाखो रुपयांच्या कॅमेऱ्यात २४ आणि फोनमध्ये २००, हे गणित कुणालाही खटकेल. त्यात आता ४५, ५०, ६१ मेगापिक्सेलचे मिररलेस कॅमेरे आले आहेत आणि गावोगावच्या स्टुडिओंच्या कार्डावर ते आकडे ठळक छापले जातात. असा कॅमेरा वापरलेल्या चार फोटोग्राफरांना विचारलं तर गोंधळ आणखी वाढतो. एक म्हणतो, आता जुन्याकडे परत जाणं नाही. दुसरा म्हणतो, सगळे फोटो हललेले येतात. तिसरा म्हणतो, अंधारात नॉइज फार. चौथा हार्ड डिस्कच्या खर्चाने वैतागलेला असतो.

मी असा एक ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा भाड्याने घेऊन लग्नात वापरला, सातपुड्यात नेला, जुन्या कागदांवर लावून पाहिला. माझं मत असं झालं, की हे चौघंही खरं बोलतात, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं आहे. ते नीट कळायला थोडं मुळापासून जावं लागेल.

आरसा होता कशाला, आणि काढला का?

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असायचा. लेन्समधून आलेला उजेड तो वर फेकायचा आणि आपण डोळा लावून तेच दृश्य पाहायचो. बटण दाबलं की आरसा झटकन वर जायचा आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडायचा. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चकती, पूर्वी तिथे फिल्म असायची. तो 'खटॅक' आवाज बराचसा आरशाचाच.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. उजेड सतत सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच डोळ्याजवळच्या छोट्या स्क्रीनवर आपल्याला दिसतं. अशा जातीचा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. पुढे सोनीने २०१३ मध्ये ए७आर हा ३६ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा काढला. फुल-फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. त्याच मालिकेत २०१९ मध्ये ६१ मेगापिक्सेल आले आणि २०२२ च्या ए७आर ५ मध्येही तेवढेच राहिले. कॅननचा आर५ आणि निकॉनचे झेड८, झेड९ हे ४५च्या घरातले.

आरसा गेल्याचा मोठा फायदा फोकसमध्ये झाला. सेन्सर स्वतःच बघत असल्यामुळे कॅमेरा चेहऱ्यातला डोळा ओळखून धरून ठेवतो. नव्या कॅमेऱ्यांना पक्षी, जनावर, गाडीही ओळखता येते. वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या डोळ्यावर फोकस ठेवणं पूर्वी निव्वळ हातोटीचं काम होतं. आता ते कॅमेरा करतो, आणि याबाबत मला भेटलेल्या फोटोग्राफरांमध्ये दुमत नाही.

तोटा बॅटरीचा. आरशाच्या निकॉन डी८५० ची बॅटरी कंपनीच्या चाचणीनुसार १८४० फोटो चालायची. त्याच कंपनीच्या मिररलेस झेड८ चा तसाच आकडा साडेतीनशेच्या आत आहे. प्रत्यक्षात फोटो याहून बरेच जास्त निघतात, पण दिवसभराच्या लग्नाला चार बॅटऱ्या खिशात लागतातच.

मेगापिक्सेल म्हणजे ठिपके

दारात ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपके जितके जास्त, तितकी नक्षी बारीक काढता येते. सेन्सरवरही असेच ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात आणि १० लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके असतात. ६१ मध्ये ९५०४ आणि ६३३६.

इथे एक गंमत लक्षात घ्या. शेताची बाजू दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं. मेगापिक्सेलचा आकडा हा क्षेत्राचा आकडा आहे. २४ वरून ६१ वर गेलं की तो अडीच पट होतो, पण रुंदीतले ठिपके वाढतात फक्त १.६ पट. आपल्या डोळ्याला जो बारकावा जाणवतो, तो या १.६ चा. फरक आहे, पण कार्डावरच्या आकड्यावरून वाटतो तेवढा नाही.

मग फोनचे २०० कुठे गेले?

मामांच्या प्रश्नाचं उत्तर पावसात आहे. अंगणात मोठ्या घमेल्यांची एक रांग लावा आणि शेजारी वाटीएवढ्या जागेत शंभर टोपणं ठेवा. पाऊस सारखाच पडतो, पण गोळा होणारं पाणी ठरतं ते एकूण किती जागा झाकली त्यावर. भांडी किती मांडली त्यावर नाही.

उजेड म्हणजे पाऊस, पिक्सेल म्हणजे भांडी. २०० मेगापिक्सेलच्या फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो. फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या सुमारे १२ पट. म्हणून फोन बहुतेक वेळा १६ पिक्सेल जोडून त्यांचा एक करतो आणि आपल्याला साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. भर उन्हात तो फोटो सुरेख येतो, यात शंका नाही. मंडपातल्या मिणमिणत्या उजेडात मात्र फोनला पुष्कळ काही अंदाजाने भरावं लागतं, आणि मग आजीच्या गालावरच्या सुरकुत्या मेण लावल्यासारख्या गुळगुळीत होतात.

"नव्या कॅमेऱ्यात नॉइज जास्त येतो"

नॉइज म्हणजे अंधारातल्या फोटोत दिसणारे रंगीत दाणे. तक्रार अशी, की ६१ मेगापिक्सेलमध्ये एकेक पिक्सेल लहान, म्हणून दाणे जास्त. पिक्सेल लहान असतो हे खरं. २४ मध्ये तो सुमारे ६ मायक्रॉनचा, ६१ मध्ये पावणेचार मायक्रॉनचा. (१००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर.) प्रत्येक भांडं लहान, म्हणून प्रत्येकात पाणी कमी.

पण अंगण तेवढंच आहे! दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर ३६ बाय २४ चा, म्हणजे एकूण उजेड सारखाच. दोन्ही फोटो एकाच मापात छापले तर दाण्यांचा फरक जवळजवळ मिटतो. हे मी एकाच हळदीचे दोन फोटो १२ बाय १८ इंचात छापून पाहिलं. ओळखता आलं नाही. कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठं करून पाहिलं की मात्र ६१ वाला वाईट दिसतो, कारण तो तेवढ्याच स्क्रीनवर जास्त मोठा होऊन दिसत असतो. तक्रार करणारा खोटं बोलत नाही. तो दोन वेगळ्या मापांचे फोटो एकमेकांशेजारी ठेवतो, एवढंच.

"सगळे फोटो हललेले येतात"

ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली, आणि पहिल्या दिवशी मीही तीच केली.

समजा, हात किंचित थरथरला आणि सेन्सरवर ६ मायक्रॉनचा फराटा उठला. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तो एका पिक्सेलमध्ये जिरून जातो, आपल्याला कळतही नाही. ६१ मध्ये तोच फराटा दीडेक पिक्सेलवर पसरतो आणि मोठं करून पाहिलं की दिसतो. हात तोच, थरथरही तीच. जुना कॅमेरा ती लपवत होता.

म्हणजे फोटो बिघडला का? त्याच मापात छापला तर २४ पेक्षा वाईट दिसणार नाही. पण ६१ साठी मोजलेल्या पैशांचा उपयोगही झाला नाही. तो फायदा हवा असेल तर सवयी बदलाव्या लागतात. जुना नियम असा, की लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू देण्याचा वेळ, निदान १/५० सेकंद इतका कमी ठेवावा. या कॅमेऱ्यावर मी १/१०० पेक्षा जास्त वेळ देत नाही. आतला सेन्सर हलवून थरथर शोषून घेण्याची सोय या कॅमेऱ्यांत असते आणि ती उत्तम चालते, पण ती आपल्या हातापुरती. समोरची करवली हलली तर तिचा काही इलाज नाही.

लेन्सचंही तसंच. १० वर्षांपूर्वीची, कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स २४ वर चालून जाते. ६१ वर तिच्या कडा मऊ दिसतात. आणि छिद्र, म्हणजे ॲपर्चर, फार लहान केलं की प्रकाश कडेला वळून पसरतो, बारकावा धुतला जातो. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला कुठलीही लेन्स अपवाद नाही. एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. एफ ८ पर्यंत मी निश्चिंत असतो, एफ १६ वर गेलो तर ६१ चा बराचसा फायदा तिथेच संपतो. एका ओळखीच्या फोटोग्राफरने बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, नवी घेतली, लेन्स जुनीच ठेवली आणि चार महिन्यांत बॉडी विकायला काढली. मला त्याचं वाईट वाटलं. तेवढ्या पैशांत चांगली लेन्स घेतली असती तर त्याच्या जुन्याच कॅमेऱ्याचे फोटो सुधारले असते.

मंडपातले पट्टे

मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. मंगलाष्टकं चालू असताना ते फार मोहात पाडतं. पण फोटोत आडवे काळपट पट्टे आलेले पाहून खूप जण हबकतात.

केळीच्या बागेत पाटाने पाणी सोडलं की पहिली सरी भरते, मग दुसरी, मग तिसरी. शेवटच्या सरीला पाणी पोचेपर्यंत वेळ जातो. साधा सेन्सर असाच ओळीओळीने वाचला जातो, आणि ओळी जितक्या जास्त तितका वेळ जास्त. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण वरची ओळ दिवा तेजीत असताना वाचली गेली आणि खालची मंद असताना, की पट्टा उमटलाच. धावता घोडा टिपला तर तोही तिरका झुकलेला दिसतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या चालीचे फोटो काढायला जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं.

निकॉनच्या झेड८ आणि झेड९ मध्ये वेगळ्या बांधणीचा सेन्सर आहे. तो इतक्या झटपट वाचला जातो, की कंपनीने यांत्रिक शटर, म्हणजे सेन्सरपुढे सरकणारा पडदा, ठेवलेलंच नाही. पाटाच्या जागी ठिबक आल्यासारखं झालं, सगळ्या सऱ्यांना जवळजवळ एकाच वेळी पाणी. ज्यांच्याकडे तसा सेन्सर नाही, त्यांनी मंडपात यांत्रिक शटर वापरावं आणि वेग १/५० किंवा १/१०० वर ठेवून पाहावा. सजावटीच्या स्वस्त एलईडी माळांचा वेग मात्र निराळा असतो, तिथे दोन-चार फोटो काढून बघण्याला पर्याय नाही.

ऊन आणि हार्ड डिस्क

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात चालवण्याचं कमाल तापमान ४० अंश सेल्सियस छापलेलं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ च्या पुढे जातो, आणि आपली निम्मी लग्नं तेव्हाच. फोटोंना सहसा अडचण येत नाही. लांबलचक व्हिडिओला येते, कारण जास्त पिक्सेल सतत वाचायचे म्हणजे जास्त उष्णता. कॅननने २०२० मध्ये आर५ आणला तेव्हा स्वतःच सांगितलं होतं, की ८के, म्हणजे ४के पेक्षाही बारीक तपशिलाचं, चित्रण २३ अंशाला सुमारे २० मिनिटं चालेल. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी २३ अंश कुठून मिळणार? म्हणून लग्नाचा पूर्ण व्हिडिओ अशा कॅमेऱ्यावर अवलंबून ठेवू नये आणि भर दुपारी कॅमेरा ओल्या उपरण्याच्या सावलीत तरी ठेवावा. कापड कॅमेऱ्याला टेकवू नका, वर आडोसा करा.

फाइलींचं गणित सरळ आहे. ६१ मेगापिक्सेलची, दाबून लहान न केलेली कच्ची फाइल सुमारे १२२ एमबी. २४ ची ४८. एका लग्नात ३००० फोटो धरले तर ३६६ जीबी आणि १४४ जीबी. दुसरी प्रत ठेवायची म्हणजे दुप्पट, आणि ती ठेवायलाच हवी. फाइल दर्जा न घालवता दाबण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत आहे, ती जरूर वापरा.

अल्बमला किती लागतात?

डोळ्याला लागतात तेवढे. हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० ठिपके पुरतात. १० फुटांवरून पाहिलं तर इंचाला ३० सुद्धा पुरे. म्हणून चौकातला २० फुटी फ्लेक्स साध्या फोटोतून निघतो आणि लांबून छान दिसतो.

१२ बाय १८ इंचाच्या पानाला १९ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे २४ मध्ये काम होतं. पण १२ बाय ३६ ची पूर्ण जोडपानं एकाच फोटोने भरायची, तर रुंदीत १०,८०० ठिपके हवेत. २४ वाला तिथे इंचाला १६७ देतो, ६१ वाला २६४. शेजारी ठेवून पाहिलं तर शालूच्या जरीत फरक दिसतो. ४के टीव्हीला मात्र जेमतेम ८ मेगापिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो त्याहून कितीतरी लहान होतो. फोटो फक्त तिथेच बघणार असाल, तर ६१ साठी जादा पैसे देऊ नका. हे मी गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो.

जिथे खरंच कामाला येतो

पहिली जागा जंगल. आपल्या सातपुड्याचा रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता, नामशेष झाला असं धरलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. जेमतेम वीतभर पक्षी, आणि संख्या फार थोडी. त्याच्या ढोलीजवळ जाणं म्हणजे त्याला त्रास देणं. ६१ मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला भाग कापून घेतला तरी २६ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे ४०० मिलिमीटरची लेन्स ६०० सारखी वापरता येते आणि आपण लांबच थांबू शकतो. या एका कारणासाठी पक्षी टिपणाऱ्याने असा कॅमेरा घेतला तर मी त्याला उधळा म्हणणार नाही.

दुसरी जागा जुने कागद. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आणि राजवाडे संशोधन मंडळात जशी हस्तलिखितं जपली आहेत, तशी थोडीफार चोपडी, वंशावळी, खरेदीखतं आपल्याही घरांत फडक्यात बांधलेली असतात. १२ इंच लांबीचं पान या कॅमेऱ्याने टिपलं तर इंचाला जवळजवळ ८०० ठिपके मिळतात. पुसट झालेलं अक्षर मोठं करून वाचायला सोपं जातं. कागद स्कॅनरवर दाबावा लागत नाही, त्यामुळे जीर्ण घडी तुटत नाही. माझ्या आजोबांचं एक पान मी असं टिपलं. त्यातलं एक नाव घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, ते लागलं.

चाळीसगावच्या के. की. मूस यांनी घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड अचूक टाकून फिल्मवर जे टेबल-टॉप फोटो काढले, ते त्यांच्या संग्रहालयात जरूर बघावेत. त्यांच्याजवळ मेगापिक्सेल नव्हते. उजेडावर मात्र त्यांची नजर होती, आणि ती कुठल्या कॅमेऱ्यासोबत येत नाही.

तिसरी जागा लग्नातला कुटुंबाचा मोठा फोटो. पाच मीटर रुंदीत सगळं खटलं उभं राहतं. अशा फोटोत एका चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत २४ मेगापिक्सेलमध्ये सुमारे १८० ठिपके येतात, ६१ मध्ये २८५. आता आकडा क्षुल्लक वाटेल. पण चार-पाच वर्षांनी त्या घरातून फोन येतो, "भाऊ, आजी गेली. तिचा एकटीचा फोटोच नाही. तुमच्या त्या ग्रुपमधून काढून देता का?" असे फोन मला दर वर्षी येतात. तीन इंची चेहरा करून भिंतीवर लावला तर १८० ठिपक्यांचा फोटो हातभर अंतरावरून फाटलेला दिसतो. २८५ चा तग धरतो. आजीचे डोळे आजीचेच राहतात.

मामांना मी हे सगळं त्या दिवशी सांगू शकलो नाही, वरात दाराशी आली होती. पण येत्या मोसमासाठी मी ठरवलंय. दिवसभराचं काम माझ्या २४ वरच करायचं, आणि भाड्याचा ६१ वाला तिपाईवर लावून, एफ ८ वर, फक्त त्या एका फोटोसाठी उभा करायचा. आजी-आजोबांना पुढे, खुर्चीत, मधोमध बसवायचं. कडेला लेन्स मऊ पडते.